कोंबडी, डुक्कर, टर्की, मेंढा: सिल्हूट नेमबाजीच्या पहिल्या सामन्याआधी

सिल्हूट नेमबाजीत कागदी लक्ष्य नसतं आणि गुणांची वर्तुळंही नसतात. समोर लोखंडी पट्टीवर पोलादी प्राणी उभे असतात. गोळी लागून प्राणी पट्टीवरून खाली पडला तर एक गुण, नाही पडला तर शून्य. गोळी लागून तो नुसता फिरला किंवा टण् वाजून तसाच उभा राहिला, तरी शून्यच.

हा खेळ मेक्सिकोचा. पोलादी प्राण्यांवरचे सामने मेक्सिको सिटीत १९४८ साली सुरू झाले, सीमा ओलांडून ॲरिझोनात आले आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने, म्हणजे एनआरएने, तो आपल्या नियमांत घेतला. प्राण्यांची स्पॅनिश नावं आजही मैदानावर कानावर पडतात: गायीना म्हणजे कोंबडी, हावेलिना म्हणजे वाळवंटी रानडुक्कर, ग्वाहोलोते म्हणजे टर्की आणि बोर्रेगो म्हणजे मेंढा. काही ठिकाणी हुकूमही स्पॅनिशमध्येच देतात: लिस्तो, फुएगो, आल्तो. तयार, मारा, थांबा.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच अशा मैदानावर जाणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. एनसीसीत आडवं पडून .२२ (बारीक काडतुसाची रायफल) चालवलेले पुष्कळजण असतात, कुणी १० मीटर एअर रायफल मारलेली असते. त्या अनुभवातलं थोडं इथे उपयोगी पडतं आणि बरंचसं विसरावं लागतं.

आधी व्हिसा बघा

रायफलीचं बोलण्याआधी हे बोलायला हवं, कारण मैदानावर कुणी तुम्हाला ते विचारेलच असं नाही. एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. मित्राची रायफल तासाभरासाठी हातात घेणंही ‘बाळगणं’ ठरू शकतं. कायद्यात अपवाद आहेत. अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमी वापरला जाणारा. पण तो आपल्याला लागू होतो की नाही हे वकिलाला विचारूनच ठरवा, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको. इथली चूक महागात पडते, व्हिसाही जाऊ शकतो. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही अडचण नाही.

संघराज्य कायदा एअर रायफलीला बंदूक मानत नाही. त्यामुळे व्हिसावरच्या माणसाला एअर रायफल सिल्हूट हा सोपा रस्ता आहे. मात्र न्यू जर्सीत राहत असाल तर थांबा. त्या राज्यात एअर रायफलसुद्धा बंदुकीतच मोजतात आणि ती घ्यायला परवाना लागतो. एडिसनमधल्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

अंतरांचं गणित

मोठ्या बोअरच्या, म्हणजे हाय पॉवर रायफलीच्या सामन्यात कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३०० वर, टर्की ३८५ वर आणि मेंढा ५०० मीटरवर असतो. .२२ च्या सामन्यात प्राणी एक पंचमांश आकाराचे आणि अंतरंही एक पंचमांश: ४०, ६०, ७७ आणि १०० मीटर. ७७ हा विचित्र आकडा कुठून आला हे आता कळलं असेल. दुर्बिणीतून दोन्ही सामन्यांत प्राणी सारखेच दिसतात. एअर रायफलीसाठी प्राणी एक दशांश आकाराचे असतात आणि अंतरं २०, ३०, ३६ व ४५ यार्ड.

नवख्याने .२२ पासूनच सुरुवात करावी. काडतूस स्वस्त, धक्का जवळजवळ नाही, आणि आपण ट्रिगर झटकतो आहोत हे लपत नाही. हाय पॉवरमध्ये किमान ६ मिलिमीटर कॅलिबर लागतं, कारण ५०० मीटरवरचा जाड पोलादी मेंढा ढकलून पाडायला गोळीत जोर उरायला हवा. चाळीस गोळ्यांचा धक्का खाल्लेल्या खांद्यावर नेम शिकणं अवघड.

रायफलीचे नियम आणि त्यांमागचं कारण

सिल्हूटचे सगळे उपकरण-नियम एका हेतूने केलेले आहेत: रायफल शिकारीला नेता येईल अशीच राहावी. म्हणून उभं राहून, काहीही टेकू न घेता मारायचं. पट्टा हाताला गुंडाळायचा नाही. तळहाताखालचा टेकू नाही, काखेत अडकणारा आकडा नाही. कडक कॅनव्हासचं जाकीटही नाही. १० मीटर एअर रायफलवरून आलेल्यांना हे सगळ्यात जड जातं, कारण तिथे निम्मा आधार जाकीटच देतं. इथे अंगात साधा सदरा आणि हवामानाला साजेसे कपडे.

एनआरएच्या नियमांत रायफलींचे दोन गट आहेत.

पहिला सिल्हूट रायफलीचा. दुर्बिणीसकट वजन १० पौंड २ औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे ४.६ किलोपेक्षा जास्त नको. पुढच्या दस्त्याची रुंदी सव्वादोन इंचांपर्यंत, आणि नळीच्या मध्यरेषेपासून खाली मोजलेली खोलीही तेवढीच. ट्रिगर हवा तेवढा हलका चालतो, फक्त सुरक्षित हवा. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) आपटल्यावर किंवा दस्त्यावर हाताने ठोकल्यावर रायफल सुटता कामा नये.

दुसरा शिकारी रायफलीचा. .२२ मध्ये दुर्बिणीसकट साडेआठ पौंड (३.८६ किलो), हाय पॉवरमध्ये नऊ पौंड (४.०८ किलो). नळी टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी. ट्रिगरला किमान दोन पौंडांचा, म्हणजे ९०७ ग्रॅमचा ओढा हवा. तपासणी अगदी साधी असते. रायफल रिकामी करून कॉक करतात, ट्रिगरला दोन पौंडांचं वजन अडकवतात आणि नळी उभी ठेवून रायफल वर उचलतात. वजन जमिनीवरून सुटलं आणि तरीही चाप, म्हणजे कॉक केलेला आतला घोडा, पडला नाही, तर पास.

घरी हीच तपासणी एका किलोच्या साखरेच्या पिशवीने करता येते. पिशवी उचलली गेली आणि चाप पडला नाही, तर ट्रिगर दोन पौंडांच्या वर आहे हे नक्की. चाप पडला तर ओढा सीमेच्या आसपास किंवा खाली आहे, मग बरोबर ९०७ ग्रॅमचं वजन करून पुन्हा बघा. ट्रिगर काठावर, म्हणजे ९१० वगैरे ग्रॅमवर ठेवू नका. थंडीत तेल घट्ट होतं, स्प्रिंग बसते, आणि सकाळी पास झालेली रायफल दुपारी नापास होते. शंभर ग्रॅम जास्त ठेवा.

वजन नेहमी दुर्बिणीमुळे हुकतं. रायफल विकत घेताना कारखान्याचं वजन वाचलं जातं, मग त्यावर माउंट, मोठी दुर्बीण, तिची सनशेड चढते आणि साडेआठचा आकडा मागे पडतो. दुर्बीण आणि माउंट मिळून सहज दीड पौंड भरतात. घरातल्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग रायफल घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा. असा काटा शे-दोनशे ग्रॅम चुकतो, म्हणून सीमेच्या जवळ असाल तर पोस्टाच्या पार्सलचा काटा वापरा.

नियमपुस्तिका बदलत असते. मोठ्या स्पर्धेला जाण्याआधी चालू वर्षाचं पुस्तक बघावं. क्लबच्या महिन्याच्या सामन्याला मात्र यातलं काहीही न करता, कपाटात असेल ती .२२ घेऊन जावं. सीझेड, सॅव्हेज, रुगर १०/२२, काहीही चालतं. आन्शुट्झ, म्हणजे महागडी जर्मन स्पर्धा-रायफल, घेऊनच सुरुवात करायची म्हणजे पोहायला शिकण्याआधी होडी विकत घेणं.

काडतुसं

स्टँडर्ड व्हेलॉसिटीची .२२ लाँग रायफल घ्या, सेकंदाला साधारण १०७० फूट वेगाची. डब्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेलं घेऊ नका. वेगवान गोळीला वारा कमी लागत असेल असं वाटतं, पण .२२ मध्ये उलटं होतं. आवाजाच्या वेगापेक्षा पुढे गेलेली गोळी त्या वेगाच्या आसपास येताना हवेचा रोध एकदम वाढतो आणि ती जास्त वाहवते. स्टँडर्ड गोळीसुद्धा १०० मीटरवर ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात सुमारे १० सेंटिमीटर सरकते. मेंढ्याच्या मधोमध धरलेला नेम तेवढ्यात मेंढ्याच्या बाहेर गेलेला असतो.

तीन-चार ब्रँडचे एकेक डबे आणून, टेबलावर रायफल टेकवून, ५० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे गट मारून बघा. ज्याचा गट लहान त्याचेच डबे घ्या, आणि एकाच लॉटचे. लॉट बदलला की झिरो, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी एकाच जागी पडण्याची जुळवणी, पुन्हा तपासायचा. सामना ४० गोळ्यांचा असतो. सरावाच्या वीस-तीस धरल्या तर शंभर गोळ्या, म्हणजे पन्नासचे दोन डबे, पुरतात.

हाय पॉवरला पोलादी गाभ्याची किंवा चिलखतभेदी गोळी कुठेच चालत नाही. ती प्राण्यांना खड्डे पाडते, आणि खड्ड्यावर बसलेल्या पुढच्या गोळीचे तुकडे कुठे उडतील याचा नेम नसतो.

दुर्बिणीचा झिरो: इथेच अर्धा सामना हरतात

चार अंतरं, म्हणून दुर्बिणीच्या उंचीच्या बटणाचे चार आकडे. पहिल्या सामन्याआधीची संध्याकाळ यावरच घालवा.

रायफल टेकवून ४० मीटरवर झिरो करा आणि बटण शून्यावर आणा. तिथून स्टँडर्ड .२२ साठी ढोबळ आकडे असे: ४० वरून ६० ला जाताना सुमारे अडीच मिनिटं (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग), ६० वरून ७७ ला पावणेतीन, ७७ वरून १०० ला चार. पाव मिनिटाच्या क्लिकची दुर्बीण असेल तर अंदाजे १०, ११ आणि १६ क्लिक. हा फक्त पहिला अंदाज आहे. दुर्बीण नळीपासून किती उंच बसली आहे आणि गोळीचा खरा वेग किती, यावर तो बदलतो. प्रत्येक अंतरावर पाच गोळ्या मारून खरा आकडा काढा आणि दस्त्यावर चिकटपट्टी लावून त्यावर लिहा: कों ०, डु १०, ट २१, में ३७. नुसतं पाठ करून जाऊ नका. घड्याळ सुरू झालं की पाठांतर विरतं.

सामना कोंबडीपासूनच सुरू होईल असंही नाही. गर्दी असली की नेमबाजांच्या तुकड्या करतात, आणि तुमची तुकडी मेंढ्यांपासून सुरू होऊ शकते. म्हणून प्रत्येक फेरीआधी एकच सवय ठेवा: प्राण्याचं नाव तोंडाने म्हणायचं, पट्टी वाचायची, बटण बघायचं. बटण पूर्ण एक फेरा जास्त फिरलेलं असणं ही नवख्यांची आणि जुन्यांचीही ठरलेली चूक आहे. आकडा बरोबर दिसतो आणि गोळी डोंगरात जाते. शून्यापाशी खालून अडणारी दुर्बीण असेल तर हा त्रास वाचतो.

दुर्बिणीची ताकद कितीची? बाजारात २४ पटीच्या दुर्बिणी मिरवतात. नवख्याने १० ते १२ पटीवर ठेवावी. उभ्याने धरलेली रायफल हलतेच, आणि २४ पटीत ते हलणं इतकं मोठं दिसतं की माणूस घाबरून ट्रिगर झटकतो. पॅरलॅक्सचं कडं मात्र प्रत्येक अंतराला फिरवायला हवं. ते चुकलं तर डोकं जरा सरकल्यावर क्रॉसही, म्हणजे दुर्बिणीतली नेमाची फुलीही, प्राण्यावरून सरकतो, आणि नेम बरोबर असूनही गोळी बाजूला जाते.

उभं कसं राहायचं

उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी सांगतो, डावखुऱ्यांनी उलटं करावं. लक्ष्याकडे डावी बाजू करून उभे राहा, दोन पायांत खांद्याएवढं अंतर. डावं कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगडीला टेकवा. स्वतःच्या शरीराचा टेकू चालतो. रायफल ट्रिगर-गार्डच्या थोडी पुढे, तळहातावर किंवा उघड्या बोटांवर ठेवा, मुठीत आवळू नका. पाठ किंचित मागे झुकवा म्हणजे वजन हाडांवर येतं.

आता डोळे मिटा, श्वास सोडा, डोळे उघडा. क्रॉस प्राण्याच्या डावीकडे गेला असेल तर हाताने ओढून आणू नका, मागचा पाय सरकवा. ओढून धरलेली रायफल ट्रिगर दाबताक्षणी आपल्या जागी परत जाते.

क्रॉस स्थिर होणार नाही. तो प्राण्यावरून आठाच्या आकड्यासारखा फिरत राहील. प्राण्याच्या आत शिरत असताना ट्रिगर वाढत्या दाबाने ओढा, बरोबर मध्यावर येण्याची वाट बघू नका. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्या आणि पुन्हा उचला. गोळी सुटल्यावरही एक क्षण दुर्बिणीतच बघत राहा.

घरी दररोज दहा मिनिटं रिकाम्या रायफलीने भिंतीवरच्या ठिपक्यावर हाच सराव करा. खोलीत एकही काडतूस नको. .२२ ची पिन काही रायफलींत चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेवर आपटते, म्हणून खोटी काडतुसं घाला.

सामन्याच्या दिवशी

पिशवीत डोळ्यांचा चष्मा, कानांचे मफ, काडतुसं, मॅगझिन, चेंबर रिकामं दाखवणारा झेंडा, स्क्रू पिळायचा पाना, पाणी आणि टोपी. रायफल मैदानावर येते ती बोल्ट उघडा, मॅगझिन काढलेलं आणि झेंडा लावलेला अशीच.

एका तुकडीत प्रत्येकाच्या वाट्याला पाच-पाच प्राण्यांच्या दोन रांगा येतात. हुकूम झाला की तयारीला १५ सेकंद आणि मग पाच गोळ्यांसाठी अडीच मिनिटं. गोळीला अर्धं मिनिट म्हणजे भरपूर. नवखा माणूस पहिल्या मिनिटातच पाचही उडवून मोकळा होतो, तसं करू नका.

डावीकडून उजवीकडे, एका प्राण्याला एकच गोळी. पहिला चुकला तर तो सोडून दुसऱ्याकडे जायचं. पहिल्याच्या नादात पुन्हा त्याच्यावर मारलं आणि पाडलं, तर ती गोळी दुसऱ्या प्राण्याची धरून चूक मोजतात. शेजाऱ्याचा प्राणी पाडला तरी तुम्हाला शून्य. म्हणून सुरुवातीलाच आपल्या रांगेचा पहिला प्राणी नक्की करा, आणि पाचही उभे आहेत ना हे हुकूम होण्याआधीच बघा. एखादा वाऱ्याने पडलेला असेल तर लगेच सांगा. रायफल अडकली किंवा काडतूस फुटलं नाही, तर त्यासाठी जादा वेळ मिळत नाही. मॅगझिनमध्ये पाच गोळ्या मोजून भरा. चारच भरून गेलेले लोक दर सामन्यात भेटतात.

तुमच्या मागे एक सोबती दुर्बीण लावून उभा राहू शकतो. गोळी कुठे गेली हे त्याने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगायचं: ‘सहा वाजता, पायाखाली’, ‘तीन वाजता, एक प्राणी बाहेर’. सोबती बोलू शकतो, तुम्हाला हात लावू शकत नाही.

प्राण्यांमध्ये डुक्कर सगळ्यांत सोपा, अंगाने भरलेला. टर्की सगळ्यांत त्रासदायक. उभट शरीर, बारीक मान, पाय म्हणजे काडी, आणि अंतर वाऱ्याला पुरेसं. टर्कीत दहापैकी एक पडली तरी वाईट वाटून घेऊ नका. मेंढा मोठा दिसतो पण पायावर लागला तर वाजून उभा राहतो, म्हणून नेम पाठीच्या वरच्या अंगाला ठेवा. उंच लागलेली गोळी त्याला सहज उलथवते.

‘थांबा’चा हुकूम झाला की बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, झेंडा लावा, रायफल टेबलावर ठेवा आणि मागे सरा. लोक प्राणी उभे करायला पुढे गेलेले असताना रायफलीला, दुर्बिणीच्या टोपणालासुद्धा, हात लावायचा नाही. या एका गोष्टीसाठी माणसाला घरी पाठवतात आणि ते योग्यच आहे. प्राणी उभे करणं आणि रंगवणं हे सगळ्यांचं काम असतं, नवख्याचंही. तिथे गेलात की शिश्याच्या खुणा बघायला मिळतात आणि आपली गोळी कुठे बसते ते कळतं. परतल्यावर साबणाने हात धुऊनच डबा उघडा, शिसं पोटात जायला नको.

पहिल्या दिवशी चाळीसपैकी सात-आठ पडले तर चांगलं झालं म्हणा. एनआरएच्या वर्गवारीत बी, ए, डबल ए, ट्रिपल ए आणि मास्टर असे वर्ग आहेत. त्यामुळे तुमची तुलना वीस वर्षं मारणाऱ्याशी होत नाही.

क्लबातल्या जुन्या मंडळींसाठी

नवा माणूस आला की त्याची रायफल काट्यावर ठेवू नका. वजन आणि ट्रिगर पदकासाठी मारणाऱ्यांचे मोजायचे. पहिल्या तीन सामन्यांत दहा पौंडांची रायफल असली काय, अकराची असली काय, निकालावर कुणाच्या काही परिणाम होत नाही. सुरक्षिततेत मात्र पहिल्या मिनिटापासून सूट नाही, आणि ते नियम सामन्याआधी शांतपणे सांगायचे, चूक झाल्यावर ओरडून नव्हे.

त्याच्यामागे एकच सोबती द्या. तिघेजण एकाच वेळी सल्ला द्यायला लागले की तो एकाचंही ऐकत नाही. एका रांगेत एकच सूचना द्या. गुणांत न धरता पहिली रांग टेबलावर टेकवून मारू द्या, तीही डुकरांची, म्हणजे पोलाद पडल्याचा आवाज त्याच्या कानावर पडतो आणि झिरोही तपासला जातो. क्लबकडे उसनी द्यायला एक हलकी .२२ असावी, दस्ता आखूड असलेली, मुलांना आणि लहान चणीच्या बायकांना पेलेल अशी. प्रौढाच्या लांबीच्या दस्त्याने त्यांना मागे वाकून उभं राहावं लागतं आणि पाठ धरते, मग पुढच्या महिन्यात ते येत नाहीत. आपल्या महागड्या ट्रिगरची गोष्ट चहाच्या वेळेसाठी ठेवा. त्याला निरोप देताना पुढच्या सामन्याची तारीख आणि गाडीत जागा असेल तर तीही सांगा.